निकम नाना आणि बारा इंचांची वाक्यं

निकम नानांच्या पँटच्या मागच्या खिशात बारा इंचांची स्टीलची पट्टी असायची. तिचं टोक शर्टाखालून वर डोकावायचं, आणि खुर्चीवर बसण्याआधी नाना ती काढून टेबलावर ठेवायचे. शिरवळच्या त्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं व्हायची. त्यात पट्टीने मोजण्यासारखं काही नव्हतं. नाना वाक्यं मोजायचे. मोठ्या आडव्या कागदावर एका ओळीत लिहिलेल्या वाक्याखाली पट्टी ठेवायची, वाक्य पट्टीच्या बाहेर गेलं की उरलेला भाग लाल रेघेने तोडायचा आणि लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता कागद परत सरकवायचा. तोडलेल्या भागात कधीकधी क्रियापद असायचं. नानांना त्याचं काही वाटत नसे.

मी सांगलीची. पंधरा वर्षं एका दैनिकात पुरवणीचं पान सांभाळलं, मग ते पान बंद पडलं, आणि चाळिशीत मला ही विचित्र नोकरी मिळाली. कारखान्याच्या धाकट्या मालकांनी पाळ्या, रजा, गेट, गाड्या हे सगळं बघायला संगणकावरचा एक एजंट आणायचं ठरवलं होतं. आमच्याकडे एजंट म्हटलं की माणसाला विमा आठवतो नाहीतर प्लॉट. हा त्यातला नव्हता. याला मराठी वाचता येत होतं, बोलता येत होतं. फक्त आपला कारखाना कसा चालतो हे कुणीतरी त्याला साध्या मराठीत लिहून द्यायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. आणि कारखाना कसा चालतो हे ज्या एका डोक्यात होतं ते डोकं नानांचं. सतरा वर्षं फौजेत, त्यातली बरीचशी हवालदार क्लार्क म्हणून, आणि त्यानंतर इथे शिफ्ट इन्चार्ज.

पहिल्याच आठवड्यात मी गेटचं पान लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. 'कामगार वेळेवर आल्यास आत घ्यावे. उशीर झाल्यास व योग्य कारण नसल्यास परत पाठवावे.' मला ते चांगलं जमलंय असं वाटत होतं. नानांनी पट्टी काढलीच नाही. कागद घेऊन उठले आणि म्हणाले, "चला बाई, गेटवर जाऊ."

सकाळचे सात होत आले होते. नानांनी कागद वॉचमन बबनच्या हातात दिला आणि वाचायला लावला. तेवढ्यात वडापची जीप थांबली आणि तिच्यातून सुनीता धावत आली. ती पॅकिंगला होती, झाकणं तपासणाऱ्या टेबलावर. गेटवरच्या घड्याळात सात वाजून एक मिनिट झालं होतं.

"बबन, उशीर झाला का न्हाई?"

"एकच मिनिट, नाना."

"मी मिनिटं इचारली न्हाईत. उशीर व्हय का न्हाई?"

"व्हय."

"कारण काय गं तुझं?"

"आवं नाना, वडाप भरंपातूर तो हालतच न्हाई," सुनीता म्हणाली. तिला धाप लागली होती.

"बबन, हे कारण योग्य हाय का? कागदात बघ."

बबनने कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. "लिवलं न्हाई, नाना."

"मग धाड परत."

सुनीताने डबा छातीशी धरला. मग मान खाली घालून वळली. मी म्हटलं, "नाना, असं काय करताय? चूक माझी आहे." नाना शांतपणे म्हणाले, "चूक तुमची, घरी गेली ती. तुमचं मशीन बी हेच करणार. त्याला 'योग्य' कळत न्हाई, लाज बी वाटत न्हाई. तुमच्या एका शब्दानं आज एका बाईचा दिवस गेला. आता बसा आन् लिवा."

मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. त्या माणसाने मला शिकवण्यासाठी एका गरीब बाईला उभ्या उभ्या वापरलं होतं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. माझ्या पाच पानांत 'योग्य' हा शब्द अकरा वेळा आला होता, तो मोजून त्यांनी दुपारी कॅन्टीनमध्ये मोठ्याने जाहीर केला. त्या दिवसापासून मी 'योग्य मॅडम' झाले. वाढपी विचारायचा, "योग्य मॅडम, भात योग्य घालू का?" आणि आख्खं कॅन्टीन हसायचं. नाना हसायचे नाहीत. ते जेवायचे.

असे काही शब्द होते ज्यांना नाना फरारी म्हणायचे. योग्य, शक्यतो, वेळेवर, आवश्यकतेनुसार. "हे जबाबदारी टाकून पळालेलं शिपाई हायत," असं म्हणायचे. कुठलंही काम लिहिलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: कोण करणार? कवा करणार? न्हाई केलं तर काय? तिन्हींची उत्तरं तीन वाक्यांत, प्रत्येक वाक्य पट्टीच्या आत. मी पंधरा वर्षं मराठी लिहून पोट भरलेली बाई. पण साधं लिहिणं म्हणजे काय हे मला त्या माणसाने शिकवलं, हे नाकारता येत नाही. नाकारावंसं मात्र फार वाटतं.

मोहिते नावाचे एक सुपरवायझर होते. बिचाऱ्यांनी त्यांच्या विभागाचं पान लिहिताना 'शक्यतो यंत्र पुसून घ्यावे' असं लिहिलं. नानांनी त्यांना सगळ्या पाळीसमोर उभं केलं आणि ते वाक्य दहा वेळा वाचायला लावलं. मग विचारलं, "मोहिते, तुमी जेवता का शक्यतो जेवता?" माणसाचं नावच शक्यतो पडलं. शक्यतो आले का, शक्यतो कुठं गेले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला कारखान्यातून अहेराचं पाकीट गेलं, त्यावर कुणीतरी 'श्री. शक्यतो मोहिते' असं लिहिलं, आणि ते पाकीट व्याह्यांच्या हातात पडलं. महिनाभरात मोहित्यांनी साताऱ्यात दुसरी नोकरी धरली. नानांना कुणीतरी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गेलं ते बरं झालं. शक्यतो गेलं न्हाई, नक्की गेलं."

आणि तरी हाच माणूस कॅलेंडर न बघता सांगायचा की कुठल्या गावची जत्रा कुठल्या तिथीला, त्या दिवशी कोण कितीही समजावलं तरी येणार नाही, आणि त्याच्या जागी कुणाला उभं करायचं. औंधचे तिघे यमाईच्या यात्रेला जाणार म्हणजे जाणार. त्यांचं नाव त्या दिवशी लिहूच नका. एका संध्याकाळी त्यांनी बेचाळीस गावं सांगितली आणि मी टंकत गेले. एकही चुकलं नाही.

एजंट सुरू करायच्या आधी जुने हजेरीपट, गेटची वही आणि प्रत्येकाच्या कामाचे आकडे त्याच्यात भरायचे होते. सात वर्षांचे. मी एकेका पानाचा फोटो काढत होते आणि हजेरीपटात मला तो दिवस सापडला, सुनीताला गेटवरून परत पाठवलं तो. तिच्या नावापुढे नानांच्या हातचं 'हजर' होतं.

मग मी शेरे वाचायला लागले. सुनीताच्या नावापुढे चार ठिकाणी तोच शेरा: 'कामात लक्ष नाही. पहिल्या पाळीत नजरेखाली ठेवणे.' वीस दिवस, महिनाभर, आणि परत नेहमीची पाळी. आणखी पाचसहा बायकांच्या नावापुढे तेच. बाकी कुणाच्याही नाही. बबनला सहज विचारलं तर तो म्हणाला, "त्या सगळ्या फौजींच्या बायका, मॅडम." म्हणजे नवरा सुट्टीवर आला की बायकोला पहिली पाळी, सात ते तीन, आणि रात्र घरी. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची, कंपनीची गाडी गावोगाव सोडत जायची, शेवटची बाई घरी पोचेपर्यंत एक वाजायचा. त्यातला एक शेरा सुनीताला मी घरी जाताना बघितलं त्याच तारखेपासून होता, म्हणजे तो तिच्या नवऱ्याच्या सुट्टीचा पहिला दिवस होता.

मी वही घेऊन नानांकडे गेले. "हे लिहायला हवं, नाना. नाहीतर एजंटला कळणार नाही."

नानांनी वही मिटली. "हे लिवायचं न्हाई."

"का?"

"लिवलं की बाईला मागाया लागंल. मालकाम्होरं उभं ऱ्हाऊन सांगंल का ती, माझा नवरा आलाय, मला रात्री घरी सोडा म्हणून? घरी सासू म्हणंल, लाज सोडली का गं. आता कसं हाय, सायबानं शिक्षा केली, संपलं. ती घरी बी शिव्या घालती मला. घालू द्या की."

"तुम्हाला कळतं कसं नवरा आला ते?"

"आमचा माजी सैनिकांचा ग्रुप हाय मोबाईलवर. कोण गाडीत बसला, कोण साताऱ्याला उतरला, समदं येतं त्यात." ते पट्टीशी चाळा करायला लागले. मग म्हणाले, "माझी बायको बी पाळीला जायाची. महिन्याची सुट्टी घिऊन आलो की मी तिला निजलेलीच बघायचो. आता तर न्हाईच ती. बास झालं, जावा."

मी लिहिलं नाही. हजेरीपट, वही, आकडे मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एजंटमध्ये भरले, कारण ते माझं काम होतं.

एजंट सुरू झाला त्या दिवशी नानांनी सगळ्या पानांच्या वर आपलं एक वाक्य घालायला लावलं: 'कागदावर नाही ते करायचं नाही.' एजंट बोलायचा तो नानांच्याच वाक्यांत, तुटक, बारा इंचांच्या आत. रजा मागायला कामगार मोबाईलवर बोलायचे आणि पलीकडून उत्तर यायचं: "कारण सांगा. तारीख सांगा. नाही म्हटलं तर काय कराल ते सांगा." लोकांनी त्याचं नाव ठेवलं दुसरे नाना. धाकट्या मालकांना ते फार आवडलं. येणाऱ्या पाहुण्यांना ते सांगायचे, आमच्याकडे दोन नाना आहेत, एक चहा पितात आणि एक पीत नाहीत. खरे नाना तेव्हा शेजारी उभे असायचे.

मग सुनीताचा नवरा सुट्टीवर आला. दुसऱ्या नानांनी तिला दुसरी पाळी दिली होती. त्यांच्या कागदावर तसंच होतं. नाना पॅकिंगच्या टेबलापाशी गेले आणि ओरडले, "ए सुनीता, डोळं कुठं हायत तुझं? उद्यापासनं पयल्या पाळीला यायचं, माझ्या नजरेखाली!" सुनीताने मान खाली घातली. तिचे हात मात्र भराभर चालायला लागले होते, ते मी बघितलं.

नानांनी संगणकावर पाळी बदलली. दुसऱ्या नानांनी कारण विचारलं. पाळी बदलायची पाच कारणं कागदावर होती: मयत, दवाखाना, परीक्षा, लग्न, जत्रा. त्यांतलं एकही नव्हतं. नानांनी टंकलं, 'कामात लक्ष नाही.' आता, कारण कागदावर नसेल तर मालकांना कळवायचं, हे वाक्यही नानांनीच मला सांगून लिहून घेतलेलं. दुसऱ्या नानांनी कळवलं.

मालकांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. असे बदल आधी झालेत का, हे त्यांनी दुसऱ्या नानांना विचारलं होतं आणि समोरच्या पडद्यावर उत्तर आलेलं होतं. प्रत्येक वाक्य आखूड, एकही फरारी शब्द नाही.

'सात वर्षांत असे बदल एकोणीस. सगळ्या बायका. एकही पुरुष नाही. शेरा एकच: नजरेखाली ठेवणे. यांचं काम इतरांपेक्षा चांगलं आहे. गेटच्या वहीत एका दिवशी एक बाई परत गेली. हजेरीत ती हजर आहे.'

मालक पडद्याकडे बघत हसले. "नाना, तुमची नजर बरोबर तरुण बायकांवरच कशी पडते हो?"

नानांचा चेहरा मी कधी उतरलेला बघितला नव्हता. त्या वेळी बघितला. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी. सांगू नका.

"मॅडम, तुम्ही पानं लिहिलीत," मालक म्हणाले. "असा काही नियम आहे का आपल्याकडे?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हता.

त्यांनीच मान हलवली म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. ते खोटं आहे. मी बोलू शकत होते. त्या बायकांची नावं न घेता दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि ती दोन्ही पट्टीत बसली असती. पण त्या क्षणी मला कॅन्टीनमधला भात आठवत होता. एवढी मोठी गोष्ट समोर असताना मला एवढीशी गोष्ट आठवली, आणि ती पुरली.

"दोन नाना कशाला हवेत?" मालक म्हणाले. "एक पुरे."

दुसऱ्या दिवसापासून नाना आले नाहीत. निरोप नाही, शाल नाही, नारळ नाही. त्यांच्या खुर्चीवर आठवडाभर कुणी बसलं नाही आणि मग सगळेच बसायला लागले. मालकांचं ते वाक्य खाली पोचलं आणि कॅन्टीनमध्ये 'नजरेखाली' या शब्दावर हशा पिकायला लागला, अगदी पूर्वी 'योग्य' वर पिकायचा तसाच. शक्यतो मोहित्यांनी साताऱ्याहून मुद्दाम फोन केला आणि बातमी खरी असल्याची खात्री करून घेतली.

सुनीता परत दुसऱ्या पाळीत गेली. पण आठच दिवस. बोलणं तिच्या गावापर्यंत पोचलं, सासऱ्यांनी तिचं काम सोडवलं, आणि राहिलेली सुट्टी तिच्या नवऱ्याने तिच्याशी न बोलता काढली, असं तिच्याबरोबर वडापने येणाऱ्या बायकांनी मला सांगितलं. नाना ज्या लाजेपासून तिला सात वर्षं वाचवत होते ती तिला अशी मिळाली. मी तिच्या घरी गेले नाही. गेटचं पान मात्र मी पुन्हा लिहिलं, कारण मालकांना आता बाहेरचं कुणीही आत यायला नको होतं.

दसरा जवळ आला तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला मी वरच्या खिडकीत चहा घेऊन उभी होते आणि नाना गेटवर आलेले दिसले. शर्टाला इस्त्री होती. हातात घडी केलेला एक कागद होता. बबन केबिनमधून बाहेर आला आणि दोघं बोलायला लागले. काय बोलत होते ते मला तिथून ऐकू येत नव्हतं. दुपारी बबनने सांगितलं.

"नाना, यादीत नाव न्हाई तुमचं," बबन म्हणाला होता.

"मग नको सोडू. लिवलंय तसं कर."

"कागद तरी द्या. मॅडमना पोचवतो."

"कागद घ्यायचा म्हणून लिवलंय का?"

"न्हाई."

"मग कसा घेतूस रं?"

बबनने घडीतून वरची ओळ वाचली होती. 'फौजींच्या बायका' असं लिहिलं होतं, आणि खाली चार ओळी. पॅकिंगमधल्या आणखी एकीचा नवरा दसऱ्याला येणार होता. नाना बबनला म्हणाले, "माझं नाव गेलं ते गेलं, गड्या. रीत तरी कागदावर ऱ्हावी म्हणून आलो व्हतो." जे त्यांनी मला लिहू दिलं नव्हतं ते शेवटी ते स्वतः लिहून घेऊन आले होते.

हे मला दुपारी कळलं. पण सकाळी खिडकीतूनही मला एवढं दिसत होतं की नाना आत यायला आले आहेत आणि बबन त्यांना सोडत नाही. माझा मोबाईल हातात होता. दुसऱ्या नानांना एक वाक्य बोलले असते तर त्यांचं नाव यादीत चढलं असतं आणि फाटक उघडलं असतं. मी बोलले नाही. खाली माझं वाक्य आणि ते वाक्य लिहायला शिकवणारा माणूस समोरासमोर उभे होते, आणि ते टिकतं का हे मला बघायचं होतं. एवढंच कारण होतं.

केबिनच्या काचेवर गेटचं नवं पान चिकटवलेलं होतं. नाना त्याच्याजवळ गेले. मोठ्या अक्षरातली पहिली ओळ त्यांनी वाचली असणार: 'यादीत नाव नाही त्याला आत सोडायचं नाही.' त्यांनी हातातला कागद खिशात घातला, मागच्या खिशातून पट्टी काढली आणि त्या ओळीखाली काचेवर धरली. नीट, दोन्ही हातांनी. वाक्य पट्टीच्या आत होतं, थोडी जागा शिल्लक ठेवून. त्यांनी मान डोलावली, पट्टी परत खिशात ठेवली आणि हायवेच्या दिशेने चालायला लागले. त्याआधी माझं एकही वाक्य त्यांनी लाल रेघ मारल्याशिवाय सोडलं नव्हतं.